निल्दाचा राहिलेला शेरा

ओर्तेन्सिया पारिओना बाईंचं अक्षर आमच्या आंदावायलास शहरात कुणालाही ओळखू येतं. बाजारात बटाटे विकणारीला, ट्रकच्या ड्रायव्हरला, दवाखान्यातल्या नर्सला, सगळ्यांना. तेहतीस वर्षं बाईंनी डोंगरावरच्या गावांत शिकवलं आणि तेहतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर हिरव्या शाईनं शेरे लिहिले. लाल शाईला त्या शिवल्या नाहीत. "लाल रंग मेंढ्यांच्या कानाला लावायचा," म्हणायच्या, "पोराच्या वहीला नाही."

शेऱ्याचीही त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी जे जमलंय ते सांगायचं. मग एक प्रश्न विचारायचा, खरा प्रश्न, ज्याचं उत्तर बाईंना स्वतःला माहीत नाही असा. आणि शेवटी पुढचं पाऊल काय, ते. पोरं ह्याला बाईंच्या तीन पायऱ्या म्हणायची आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना बाईंची नक्कल करून दाखवायची: "तुझं नाक छान आहे. प्रश्न: ते वाहतंय का? पुढचं पाऊल: पुसून घे!" बाई ऐकायच्या आणि ऐकलंच नाही असं दाखवायच्या.

आणि एक गोष्ट त्या मरेपर्यंत सोडणार नव्हत्या. एकाचा शेरा दुसऱ्यासमोर द्यायचा नाही. त्याला कारण होतं. बाई नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या मास्तरांनी त्यांचा निबंध शाळेच्या दारावर खिळ्यानं ठोकला होता, गाढवाचं काम कसं असतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून. रविवारी आई शाळेवरून जात होती. तिला वाचता येत नव्हतं. ती थांबली, कागदावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कुणाचं गं हे एवढं चांगलं? दारावर लावलंय बघ!" छोटी ओर्तेन्सिया काही बोलली नाही. ते न बोलणं तिच्या पोटात आयुष्यभर राहिलं.

तर अशा बाईंच्या हातून ते घडलं. म्हणून तर सांगायचं.

साथीचं वर्ष. मार्चात शाळा उघडल्या न उघडल्या तोच बंद झाल्या. बाई एरवी सोमवार ते शुक्रवार वर डोंगरात पुकारुमी गावी, शाळेच्या मागच्या खोलीत राहायच्या. आता शहरातल्या आपल्या घरात अडकल्या. धडे रेडिओवरून जायचे, आणि गृहपाठ फोनवरून. सहावीच्या बावीस पोरांच्या घरच्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. पोरं वहीत लिहायची, आई नाहीतर मोठी बहीण पानाचा फोटो काढायची आणि रेंजसाठी टेकडी चढून तो पाठवायची. कुठला फोटो आडवा, कुठल्यात अर्धं पान आणि अर्धी चूल, एकात तर वहीवर बसलेली कोंबडी. बाई प्रत्येकाला वेगळा, खासगीत शेरा पाठवायच्या. व्हॉइस मेसेज. कारण लिहिलेलं आयांना वाचता येईलच असं नाही, आणि बाईंचा आवाज ऐकला की पोरांना वर्गात बसल्यासारखं वाटतं, असं आयाच सांगायच्या. ग्रुपवर मात्र फक्त गृहपाठ आणि सूचना. शेरा कधीच नाही.

फोन जुना, काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा. बोट त्या तड्यावरून गेलं की अक्षरं थरथरायची. वरून शिक्षण खात्याचे तक्ते: कुणाला किती शेरे दिले, पुरावा काय, फोटो जोडा. बावीस पोरं, आठवड्याला तीन कामं. तुम्हीच हिशेब करा आणि गप्प बसा. सत्तावन्नाव्या वर्षी बाईंची मान फोनमध्ये घालून घालून आखडली होती, आणि तक्रार करायला होती एकच हक्काची जागा: धाकटी बहीण एल्वा, आबांकायला राहणारी. दिवसातून दहादा तरी एल्वाला व्हॉइस मेसेज जायचा.

जूनमधला शनिवार. बटाट्याची काढणी नुकती संपलेली. बाईंनी काम दिलं होतं: आपलं शेत मोजा आणि त्याचा नकाशा काढा. दुपारी चुलीवर मक्याचे दाणे शिजत होते, चुलीमागे कुई, म्हणजे घरात पाळलेले गिनीपिग, खुडबुडत होते आणि बाई फोटो बघत होत्या. निल्दा वाराकाचा फोटो आला. निल्दा म्हणजे पुकारुमीच्या फाउस्तिनाची मुलगी, अकरा वर्षांची, बोलायला कमी आणि कामाला हावरी. पण हे काय? चौकोन नाही, माप नाही. वाकड्यातिकड्या रेघा, आणि त्यांच्यावर शेकडो ठिपके, काही जाड, काही बारीक. बाईंनी फोन इकडे वळवला, तिकडे वळवला. तो सकाळपासूनचा एकोणिसावा फोटो होता. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एल्वाचं नाव दाबायला अंगठा खाली आणला.

नेमकं त्याच क्षणाला गाव ज्यांना तायता, म्हणजे बाबा, म्हणतं त्या वाराकांच्या शेजारच्या मेलितोन यांनी ग्रुपवर फुलांचं चित्र टाकलं, 'शुभ दुपार' लिहिलेलं. ते रोजच टाकायचे. ग्रुप टुणकन उडी मारून वर आला, एल्वा खाली गेली, आणि बाईंचा अंगठा ग्रुपवर पडला.

"एल्वा, अगं ऐक! ह्या वाराकाच्या निल्दानं शेताचा नकाशा पाठवलाय म्हणे! कागदावरून चुलीमागचे कुई नाचून गेलेत नुसते! सहावीत आली आणि ही गत. हिला कशाला हवी पुढची शाळा? आईसारख्या मेंढ्या राख म्हणावं, तेवढं जमेल हिला!"

आणि हसल्या वर. ते हसणंसुद्धा गेलं.

बोट उचललं, चष्मा खाली आला, आणि वरचं नाव दिसलं.  पुसायचं, पुसायचं, लवकर! दाबून धरलं, फोननं दोन गोष्टी विचारल्या: सगळ्यांच्या फोनवरून पुसू, की फक्त तुमच्या? काच तडकलेली, दोन ओळींपैकी कुठली लागली ते त्यांनाही कळलं नाही. पण मेसेज गेला. डोळ्यांसमोरून नाहीसा झाला. तेवढ्यात मेलितोन यांचा अंगठा आला, नेहमीचा, वर केलेला. ते प्रत्येक गोष्टीला अंगठा द्यायचे, सुट्टीच्या सूचनेलाही आणि मयताच्या बातमीलाही. बाईंना वाटलं, सकाळच्या गृहपाठाला दिला असेल.

"वाचले गं बाई," त्या चुलीला म्हणाल्या आणि दाणे खायला बसल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. पण त्या दिवशी त्या जिभेला दाणे गोडच लागले.

त्या नकाशाकडे मात्र त्यांना परत बघवेना. सोमवारी बघू म्हणाल्या, सोमवारी पुढचं काम आलं. बावीसातल्या एकवीस नकाशांना शेरे गेले. एकाचा राहिला.

निल्दाचं पुढचं काम आलंच नाही. त्याच्या पुढचंही नाही. ग्रुप नेहमीसारखा चालू. "धन्यवाद, बाई." "देव तुमचं भलं करो, बाई." कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडे बाईंना तोंडावर काही बोलायची पद्धत नाही. बाई चुकल्या तर लोक खाली बघतात आणि आपल्या पायातल्या चपला तपासतात. फोनवरून चपला दिसत नाहीत, एवढंच.

जुलैत बाईंनी निल्दाला खासगीत निरोप धाडला. "निल्दा, वाट बघतेय तुझी. तब्येत बरी आहे ना?" दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे ऐकलं. उत्तर नाही. ऑगस्टात पुन्हा: "पोरी, सहावीचं, ह्या शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. काम आलं नाही तर मी शेरा लिहू कशावर? पुढच्या शाळेत तुझं नाव घालायचं कसं?" दोन निळ्या खुणा. पुकारुमीत एक वर्ष घरी बसलेली मुलगी परत शाळेत गेल्याचं बाईंनी तेहतीस वर्षांत एकदाच पाहिलं होतं. निल्दाची आई आणि मावशी घरी बसल्या त्या कायमच्याच. 

शेवटी एके सकाळी त्यांनी मास्क बांधला, टोपी घातली, खताच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि वर निघाल्या.

पुकारुमीच्या तोंडाशी रस्त्यावर साखळी बांधलेली. साथ सुरू झाल्यापासून बाहेरच्याला आत सोडत नव्हते. साखळीपाशी पाळीवर होते खुद्द तायता मेलितोन. हातात चाबूक, मास्क हनुवटीखाली. बाईंना बघून त्यांनी तो घाईनं वर ओढला.

"बाई! तुम्ही इथवर? पण साखळीच्या आत नाही हं सोडता यायचं. नियम म्हणजे नियम, मी माझ्या जावयालाही परत पाठवलाय."

"जावयाला पाठवायला तुम्हाला निमित्तच हवं होतं, तायता. मला आत नकोच यायला. मला एवढंच सांगा, निल्दाचं काम का येत नाही? रेंज गेली का?"

मेलितोननी चाबूक ह्या हातातून त्या हातात घेतला. मग चपलांकडे बघितलं.

"रेंज आहे की."

"मग? आजारी आहे?"

"धडधाकट आहे. मेंढ्या राखते."

"शाळा सोडून मेंढ्या? कोण म्हणालं तिला?"

 वारा सुटला होता, साखळी खडखडत होती. मग म्हातारा हळूच म्हणाला, "बाई, मी फाउस्तिनाला हाक मारतो. तिच्या घरचं तिनंच सांगावं."

फाउस्तिना खालच्या वावरातून आली, स्कर्टला माती तशीच. साखळीच्या पलीकडे उभी राहिली. नमस्कार केला, बाईंची तब्येत विचारली, बहिणीची विचारली, सगळं रीतसर. मग पाठीवरच्या गाठोड्यातून फोन काढला, कापडात गुंडाळलेला. तिनं एक बटण दाबलं.

बाईंनी आपला आवाज ऐकला. कुई. मेंढ्या. आणि ते हसणं.

 सगळं संपल्यावर फाउस्तिनानं फोन परत कापडात गुंडाळला, सावकाश, एकेक घडी.

"मामाय," बाई म्हणाल्या, गावात आईला मानानं म्हणतात तसं.  "मी पुसलं होतं ते. मला वाटलं..."

"आमच्याकडे पुसलं गेलं नाही, बाई."

"बावीसही घरी आहे?"

"टेकडीवर सगळे एकदमच होतो," मेलितोन मध्येच म्हणाले, चपलांना उद्देशून. "रेंजसाठी. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पोरंही होती. निल्दा पण होती. मी तर अंगठा दिलेला, बाई. मी ऐकायच्या आधीच देतो. नंतर काढता येईना."

फाउस्तिनाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुम्ही खोटं नाही बोललात. मेंढ्या राखायला कुणीतरी लागतंच. मी राखल्या, माझ्या आईनं राखल्या. पण एक विचारू? तुम्ही तिचं चित्र बघितलंत का?"

"बघितलं..." आणि मग बाई थांबल्या. "नाही. नाही बघितलं."

"चार दिवस मोजत होती. फूटपट्टी कुठून आणणार? पावलांनी मोजलं. एक पाऊल, एक ठिपका. मी पुढे सरीतून चालायची, ती मागे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई, चढावर माझं पाऊल लहान पडतं आणि उतारावर मोठं, मग सगळे ठिपके सारखे काढले तर खोटं होईल. म्हणून चढाला बारीक, उताराला जाड. आमच्या वावरात सपाट काही नाही, बाई. सऱ्या वाकड्याच आहेत. तिनं सरळ कशा काढायच्या?"

आता सांगा. तेहतीस वर्षं डोंगरावर शिकवलेल्या बाईला हे दिसू नये? उतारावरच्या शेतात चौकोन शोधत बसल्या! बाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि मास्क ओला झाला.

"तिला बोलावता का?"

फाउस्तिनानं वर बघून हाक दिली. समोरच्या उतारावर मेंढ्यांच्या वर एक छोटी टोपी दिसत होती. टोपी वळली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मेंढ्यांमागे गेली.

"नाही यायची," फाउस्तिना म्हणाली. "माझ्याशीही फारसं बोलत नाही." मग गाठोड्यातून चार उकडलेले बटाटे काढले आणि साखळीवरून बाईंच्या हातात दिले. आलेल्या माणसाला रिकामं परत पाठवत नाहीत. बाईंना ते बटाटे दगडासारखे जड झाले, पण घ्यावे तर लागलेच.

ट्रकमधून खाली शहरात येताना त्यांच्या डोक्यात सारखं तेच: आपला निबंध दारावर एका गावापुरता ठोकला होता, आणि पावसानं तो आठवड्यात उतरवला. हिचा बावीस फोनांत ठोकलाय. तिथे पाऊस पडत नाही.

घरी येऊन त्यांनी एल्वाला सांगितलं. एल्वा म्हणाली, "ताई, तू मला म्हणालीस ते, तिला थोडीच? तिच्या आईची खासगीत माफी माग, विषय संपव. सगळ्यांसमोर कशाला आपलीच अब्रू काढतेस?"

"तिची सगळ्यांसमोर काढली ना मी? मग माझी खासगीत कशी?"

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. कुणी खात्यात तो मेसेज पाठवला तर?"

"पाठवू दे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, पोरं टेकडीवर येतात त्याच वेळेला, त्यांनी ग्रुप उघडला. नाव दोनदा वाचलं. शाळेत त्या स्पॅनिश बोलायच्या, ग्रुपवरही. त्या दिवशी आईच्या भाषेत, केचुआत बोलल्या, म्हणजे टेकडीवरच्या आज्यांनाही कळावं.

"मी ओर्तेन्सिया. जूनमध्ये ह्या ग्रुपवर मी निल्दाच्या कामाबद्दल आणि तिच्या आईबद्दल घाणेरडं बोलले आणि हसले. ते चुकून इथे आलं, पण बोलले मीच. मी तिचं चित्र न बघता बोलले. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि माझा मान राखलात. निल्दाचा मी राखला नाही. निल्दा, फाउस्तिना मामाय, मला माफ करा. हा मेसेज मी पुसणार नाही."

बोट उचललं. गेलं.

दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी मेलितोन यांचा अंगठा आला, आणि त्याच्याखाली, त्यांच्या नातीनं लिहिलेलं: "आजोबा म्हणतात, ह्या वेळी ऐकून दिलाय."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी बाई कपडे पिळत होत्या, फोन वाजला. खासगीत. फाउस्तिनाच्या नंबरावरून. हात पुसायचं सुचलं नाही, ओल्या बोटानंच दाबलं. वाऱ्याचा आवाज, मग मेंढीचा, मग निल्दा.

"बाई. तुमचा मेसेज ऐकला. आता मी शेरा देते."  कुणीतरी मागे कुजबुजलं, तिनं त्याला गप्प केलं. "पहिली पायरी. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ते चांगलं जमलं. दुसरी पायरी, प्रश्न. तेव्हा मेंढ्यांचं बोलताना तुम्हाला खरंच तसं वाटत होतं का? की नुसतं दमला होता म्हणून?" मध्येच मेंढी ओरडली. "तिसरी पायरी. पुढचं पाऊल. माझ्या नकाशाचा शेरा अजून आला नाही. सगळ्यांचा आला. माझा राहिलाय."

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. 'दमले होते गं' हे उत्तर किती सोपं होतं! पोरीनंच हातात आणून ठेवलं होतं. 

मग बोलल्या. "निल्दा, दमले होते. पण वाटलंही होतं. त्या क्षणाला मला खरंच तसं वाटलं. तुझ्या आईला मेंढ्यांमागे बघून बघून माझ्या मनात ते कधी बसलं, मलाच कळलं नाही. हे तुला सांगायला मला लाज वाटते. ती वाटायलाच हवी."

आणि मग त्यांनी तो नकाशा उघडला. फोन उन्हात नेला, तड्याच्या बाजूला सरकवला, चित्र मोठं केलं आणि पेन्सिल घेऊन ठिपके मोजायला बसल्या. पिळलेले कपडे तसेच राहिले. सरीसरीनं मोजत गेल्या. चढाला बारीक, उताराला जाड, कुठेही चूक नाही. एक हजार एकशे सहा ठिपके. मान आखडली, पण मोजून संपवलं.

"निल्दा, तुझा शेरा. पहिली पायरी: पाऊल बदलतं हे तुझं तू शोधलंस आणि कागदावर खरं तेच काढलंस. हे मी कुणाला शिकवलं नव्हतं. प्रश्न: वरच्या डाव्या कोपऱ्यात चढ आहे, तरी तिथे सोळा ठिपके जाड आहेत, आणि लांब लांब. असं का? मला खरंच कळलं नाही. पुढचं पाऊल: ह्याचे मीटर कसे करायचे ते दोघी मिळून शोधू. दोरी आहे का घरी?"

उत्तर यायला अर्धा तास लागला. बाईंनी तेवढ्यात एकही कपडा वाळत घातला नाही. मग वारा, मेंढ्या, आणि निल्दाचा आवाज, धाप लागल्यासारखा, बहुतेक टेकडी पळत चढल्यामुळे.

"तिथं ना बाई, आमची काळी मेंढी पळाली होती. मी तिच्यामागे पळाले. पण मोजणं नाही सोडलं."